‘चिमूटभर विज्ञान’चं नवं रूप

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी मेल आला. ‘चिमूटभर विज्ञान’ ज्या कंपनीच्या सर्व्हरवर गेली अठरा वर्षं राहतं आहे, त्यांनी कळवलंय की आमच्या ब्लॉगचं सॉफ्टवेअर फार जुनं झालं. फेब्रुवारीअखेर ते चालवणं बंद करणार. तोवर नवं करून घ्या, नाहीतर ब्लॉग उघडणार नाही. इंग्रजी फार गोड होतं, पण अर्थ ‘जागा रिकामी करा’ एवढाच.

ह्यांना वाचून दाखवलं. शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाले, “मग थांबव आता. लोक नोकरीतूनसुद्धा रिटायर होतात.” मी शाळेतून रिटायर झाले तेव्हा पंधरवड्याला एक लेख लिहायचा असतो म्हणून तर मी धड राहिले.

मालनला फोन केला. ब्लॉग जेवढा माझा तेवढाच तिचा. परळच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, ती चित्रकला, आणि तीच वाटणी पुढे चालू राहिली. लेख माझे, चित्रं तिची. मुंगीच्या मिशीपासून शनीच्या कड्यांपर्यंत तिने काय काढलं नाही.

“बंद करायचा की नवा करायचा?” मी विचारलं.

“बंद कशाला? कर नवा,” ती म्हणाली. “फक्त अक्षरं जरा मोठी घे गं.”

मी म्हटलं, अक्षरांचं मागाहून बघू, आधी जागा तर वाचू दे.

१२ जानेवारी, रविवार

आकांक्षा येऊन गेली. आमच्या दोघींची विद्यार्थिनी, लालबागची. आता लोअर परळला एका ऑफिसात वेबसाइटी बनवते. आल्याआल्या तिने फोनवर ब्लॉग उघडला, दोन बोटांनी ताणला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

“बाई, रागावू नका. पण फोनवर हा वाचायचा म्हणजे मंडपाच्या फटीतून गणपतीचा देखावा बघण्यासारखं आहे.”

“मी कॉम्प्युटरवर वाचते,” मी म्हटलं.

“तुम्ही एकट्याच.”

मग तिने कामं समजावून सांगितली. सॉफ्टवेअर बदलायचं, म्हणजे सगळे जुने लेख उचलून नव्या जागी नीट मांडायचे. मग रूप बदलायचं. आणि चित्रं. मालनची जुनी स्कॅन केलेली चित्रं आजच्या पडद्यांवर पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसतात. मूळ कागद काढून पुन्हा स्कॅन करावे लागतील.

ही मुलगी सातवीत लोहचुंबकाने माझ्या टेबलावरच्या टाचण्या पळवायची. आज ती मला सांगत होती आणि मी मान डोलवत होते. ऐकून दमले, पण मजा वाटली. खूप दिवसांनी काहीतरी नवं सुरू होतंय.

१९ जानेवारी, रविवार

पहिला नमुना. आकांक्षाने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. भरपूर मोकळी पांढरी जागा, त्यात फिकट राखाडी बारीक अक्षरं. एखाद्या नव्या कोऱ्या दवाखान्यात शिरल्यासारखं वाटलं. मला फार आवडलं.

मालन समोर बसली होती. जरा वेळाने म्हणाली, “दूध सांडल्यासारखं दिसतंय. अक्षरं कुठायत?”

“आहेत ना बाई, राखाडी आहेत. सध्या तशीच चालतात,” आकांक्षा म्हणाली.

“चालत असतील. वाचता यायला नकोत का?”

पोरीचं तोंड उतरलं. मालन वर्गात अशीच होती. कोणी पेन्सिल हळू चालवली की म्हणायची, कागदाला घाबरतोस काय, दाब. पण इथे पाहुण्यासारखी आलेली मुलगी, रविवारची सुट्टी आपल्यावर घालवतेय. तिच्याशी जरा गोड बोलायला काय होतं?

मला वाटतं खरं दुखणं वेगळं आहे. चित्रं पुन्हा स्कॅन करायची म्हटल्यावर तिला लागलं असणार. आपण केलेलं आता पुरत नाही असं कोणी म्हटलं की मलाही लागतं. “शोधते कागद,” एवढंच म्हणाली.

२६ जानेवारी, रविवार

कागद आले नाहीत. शिवडीच्या रोहित पक्ष्यांवरचा माझा लेख महिनाभर तयार पडलाय, त्याचं चित्र नाही. हात दुखतो म्हणते. मागच्या तीन लेखांना मी इंटरनेटवरचे फोटो लावून वेळ मारून नेली.

हल्ली मेसेजसुद्धा लिहीत नाही. मी चार ओळी टाइप करून पाठवते, आणि उत्तर म्हणून तिचं बोलणं रेकॉर्ड होऊन येतं. मागे दर्शनाच्या, म्हणजे तिच्या भाचेसुनेच्या, कुकरच्या शिट्ट्या. आळशीपणाचीही हद्द असते.

२९ जानेवारी, बुधवार

हे दादरच्या फुलबाजारातून शेवंती घेऊन आले आणि कुरकुरत सोफ्यावर बसले. “मालनताई समोरून आल्या. मी हात केला. माझ्याकडे बघितलं आणि सरळ निघून गेल्या. तुमच्या ब्लॉगचं भांडण माझ्यावर कशाला?”

म्हटलं, भांडण कुठंय. पण मनातून मला राग आला. माझ्यावर रुसायचं तर रुस. ह्यांनी काय केलं? तिच्या भावाच्या आजारपणात रात्री कोण बसलं होतं, हे ती कशी विसरली?

२ फेब्रुवारी, रविवार

आज मात्र छान झालं. आकांक्षाने सांगितलं की प्रत्येक चित्रामागे दोन ओळींचं वर्णन घालायचं असतं. वाचकाला ते दिसत नाही, पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन ते मोठ्याने वाचून दाखवतो.

मी वैतागले. साडेतीनशे चित्रं आहेत. “असे आपले वाचक असून असून किती असणार?”

“असतील,” मालन म्हणाली. “मी सांगते, तू लिहून घे.”

आणि ती सांगत सुटली. मी फक्त लेखाचं नाव वाचायचं. खुर्ची बाल्कनीकडे वळवून बसली होती, पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि सगळं पाठ. ‘पाल भिंतीवरून का पडत नाही’ म्हटलं की, “पाल काचेवर बसलीय, आपण खालून बघतोय. पंजाला पाच बोटं, प्रत्येक बोटाखाली पत्र्याच्या छपरासारख्या घड्या. शेपूट डावीकडे वळवलीय, कारण उजवीकडे कागद संपला.”

“हे पण लिहू?”

“लिही. खरं आहे ते.”

साठ-एक चित्रं झाली. आकांक्षा तिला विचारत होती की फोन कसा वाचून दाखवतो ते बघायचंय का, आणि मालनने बराच वेळ तिच्याकडून सगळं समजावून घेतलं. कुठलं बटण, किती वेळा दाबायचं, मराठी नीट बोलतो का. म्हातारपणी एवढं कुतूहल पाहून बरं वाटलं. माझ्या स्मरणशक्तीचं काय झालंय ते मलाच माहीत. चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधते. तिला अठरा वर्षांतली रेघन् रेघ आठवते.

रुसवा गेला असं दिसतंय.

९ फेब्रुवारी, रविवार

नाही गेला.

आकांक्षा दोन नवे नमुने घेऊन आली होती. पहिला हिरवट, बरा होता. दुसरा उघडायला लागली आणि इंटरनेट अडकलं. पडदा नुसता पांढरा. आम्ही वाट बघत होतो, तेवढ्यात मालन म्हणाली, “हा दुसरा चांगला आहे. ह्यात चित्रं उठून दिसतात.”

आकांक्षाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही हिची थट्टा चाललीय. पोरीने आठवडाभर रात्री जागून केलेल्या कामाची थट्टा.

“मालन, पडदा कोरा आहे,” मी म्हटलं. “त्यात तुला कुठलं चित्र दिसलं?”

तिने चेहरा बाल्कनीकडे वळवला.

“तुला नको असेल तर तसं सांग. महिनाभर बघतेय मी. जुने कागद देत नाहीस, नवं काही काढत नाहीस, ह्यांना रस्त्यात ओळख दाखवत नाहीस. आणि आता हे.”

ती उठली. पर्स घेतली. दारात चपला सापडायला तिला वेळ लागला, मी मुद्दाम उठून गेले नाही. जाताना म्हणाली, “तुझा ब्लॉग आहे. तुला हवं ते कर.”

तुझा, म्हणाली. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

आकांक्षानेही चहा अर्धाच घेतला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी आकांक्षाचा ऑफिसातून फोन. आधी सर्व्हरचं काहीबाही बोलली, मग थांबली.

“बाई, एक बोलू? मालनबाई थट्टा करत नव्हत्या. पडदा कोरा आहे हे त्यांना कळलंच नाही.”

“म्हणजे?”

“त्यांना दिसत नाहीये, बाई. मला चित्रांच्या दिवशीच शंका आली होती. कप घेताना त्या आधी बशीला हात लावत होत्या. फोन वाचून दाखवतो त्याबद्दल कोणी उगाच एवढं विचारत नाही.”

मी म्हटलं, तसं नसेल, मला नसतं का कळलं. आठवड्यातून दोनदा भेटतो आम्ही.

“हो बाई,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिले. मोठी अक्षरं. राखाडी रंग. बोलून पाठवलेले मेसेज. फुलबाजार. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारणात तिचा स्वभाव वाईट होता.

हे म्हणाले, “उद्या सकाळीच जा. मी येऊ?” म्हटलं, नको.

१२ फेब्रुवारी, बुधवार

परळला गेले. त्यांची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हापासून मालन भाचा राजेश आणि दर्शनाबरोबर चौदाव्या मजल्यावर राहते. दार दर्शनाने उघडलं.

“कोण गे?” आतून मालनचा आवाज.

“मी,” मी म्हटलं.

“बस.”

ती खिडकीत मटार सोलत होती. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून गेले होते. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. “मालन, किती दिसतं तुला?”

ती सोलत राहिली. “मटार सोलायला बघावं लागत नाही.”

“किती दिसतं?”

“कडेचं सगळं दिसतं. रस्ता दिसतो, पायऱ्या दिसतात. मधलं जातं. उजव्या डोळ्याचं गेल्या दिवाळीच्याही आधीपासून गेलंय. डावा बरा होता. आता त्यातही खिडकीचे गज वाकडे दिसतात.”

“डॉक्टर काय म्हणाला?”

“गेले नाही.”

स्वयंपाकघराच्या दारात दर्शना थबकली. “आत्या, तुम्ही तर म्हणालात मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय.”

“मीच सांगितलं मला,” मालन म्हणाली.

दर्शना आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ चालू होता.

“मला का नाही बोललीस?” मी विचारलं.

“तू काय केलं असतंस? धरून डॉक्टरकडे नेलं असतंस. तो म्हणाला असता, बाई, चित्रं बस झाली आता. तोवर निदान वाकडंतिकडं काहीतरी होत होतं.” तिने उठून कपाटातून एक कागद काढला, हाताने चाचपून. रोहित पक्षी. मान सुरेख होती, पाय मात्र मध्येच गुडघा नसलेल्या ठिकाणी मोडलेला. “मला वाकडा दिसला म्हणून सरळ केला. दर्शना म्हणते वाकडा झालाय. मग हा तुला द्यायचा कसा? आणि नाही दिला तर तुझ्या ब्लॉगला दुसरी चित्रकार बघावी लागली असती.”

“आपल्या,” मी म्हटलं.

“काय?”

“आपल्या ब्लॉगला.”

तिने शेंगा बाजूला ठेवल्या. आम्ही दोघी रडणाऱ्यांतल्या नव्हे, पण आज जरा झालं तसं. दर्शना चहा घेऊन आली, तिचेही डोळे लाल. राजेशला तिथूनच फोन लावला. जुन्या चित्रांचे कागद आता दर्शना शोधून देणार आहे; त्यांवरची नावं मालनला वाचता येत नव्हती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

परळच्याच डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. मालन, राजेश, मी. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब, मग कसकसली यंत्रं. डॉक्टर चाळिशीच्या आतली, नेमकं बोलणारी. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, पीतबिंदू, तो बिघडलाय. मी हा शब्द ब्लॉगवर लिहिलेला आहे. मालनने त्याचं चित्र काढलेलं आहे.

उजव्या डोळ्यात व्रण झालाय, तिथलं मधलं दिसणं परत येणार नाही. डाव्यात बारीक नव्या रक्तवाहिन्या गळताहेत, ती गळती थांबवता येते. इंजेक्शनं घ्यावी लागतील, डोळ्यातच, दर महिन्याला. गेलेलं सगळं येईलच असं नाही, पण पुढचं वाचवू. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, एवढंच.

“चित्रं काढता येतील?” मालनने विचारलं. तिच्या आवाजात मी कधी ऐकली नाही अशी भीती होती.

“बारीक काम कठीण जाईल. मोठं काढा. आणि बघायची पद्धत बदलावी लागेल. ती शिकवणारी एक बाई आहे आमच्याकडे.”

बाहेर आल्यावर मालन म्हणाली, “चित्रं बंद करा असं नाही म्हणाली.”

“नाही म्हणाली,” मी म्हटलं.

आकांक्षाला कळवलं. तिचं उत्तर आलं, ‘राखाडी रंग गेला समजा. पहिल्यापासून करते.’ दोन आठवडे उरलेत आणि ही पहिल्यापासून करणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं इंजेक्शन. डोळ्यात सुई ह्या कल्पनेनेच मला घाम फुटला. नर्सने मालनऐवजी मला पाणी दिलं. मालन दहा मिनिटांत बाहेर, डोळ्यावर पारदर्शक झाकण.

“दुखलं?”

“सुई दिसलीसुद्धा नाही. पण मग पाण्यात शाई सोडावी ना, तसं काहीतरी वळवळत खाली गेलं. फार सुंदर होतं गं. लिहून ठेव, मी विसरीन.”

ती विसरणारी नाही. पण मी लिहून घेतलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मालनचा फोन, आवाजात तीच जुनी धार. “दवाखान्यात भिंतीवर चित्र लावलंय म्हणे, ह्या आजारात कसं दिसतं त्याचं. दर्शनाने सांगितलं. माणसाच्या तोंडावर काळा डाग.”

“हो, पाहिलं मी.”

“खोटं आहे. माझ्या डोळ्यांत काळं काही नाही. काळा डाग दिसला असता तर मी वर्षभर गप्प बसले असते का? तिथे काही नसतं, आणि नाही हेही कळत नाही. मी घड्याळ बघायला गेले की तिथे भिंत असते. चांगली रंगवलेली भिंत.”

मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो, हे मी वाचलंय. पण भिंत ‘चांगली रंगवलेली’ असते हे कुठल्या पुस्तकात सापडणार?

“काढ ते,” मी म्हटलं.

“नसलेलं कसं काढायचं, ते बघतेय.”

संध्याकाळी गेले तर जेवणाच्या टेबलावर चार्टपेपर, हातात जाडा काळा मार्कर, आणि दर्शना गॅसजवळ उभी, न हलता. मालन नाक कागदाला लावून काढत होती, मान तिरकी करत, सरळ करत, मध्येच कागदच फिरवत. मी स्टुलावर बसून राहिले. भात करपला, तरी कोणी दर्शनाला हलू दिलं नाही.

चित्रात दर्शना आहे. केसांचा अंबाडा, कानातले, गळा, ओढणी, हातात डाव. तोंडाच्या जागी मागच्या भिंतीच्या टाइल्स. कानापासून कानापर्यंत टाइल्स सरळ चालत जातात, मध्यावर त्यांच्या रेघा जरा पाण्यात पडल्यासारख्या हलल्यात. काही रेघा जुळत नाहीत, त्या तिने तशाच ठेवल्या.

दर्शनाने बघितलं आणि म्हणाली, “आत्या, मी वर्षभर तुम्हाला अशी दिसत होते?”

“तशीच,” मालन म्हणाली. “आवाजावरून हसतेस का ते कळायचं.”

ठरलं. नव्या ब्लॉगवरचा पहिला लेख हाच. ती सांगणार, मी लिहून घेणार. नाव तिचं. मी एक वाक्य सुधारायला गेले तर म्हणाली, “ते माझं आहे. तुझं करू नकोस.”

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अनर्थ झाला असं वाटलं होतं. आकांक्षाने जुने लेख नव्या जागी नेले आणि अर्ध्या लेखांतलं मराठीच गेलं. शब्दांऐवजी परदेशी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेली, मध्ये कसलीशी चिन्हं. अठरा वर्षं अशी कचरा होऊन पडलेली पाहून मला जेवण गेलं नाही.

“बाई, लेख हरवले नाहीत. फक्त नवं सॉफ्टवेअर त्यांना चुकीच्या पद्धतीने वाचतंय,” ती फोनवर म्हणाली. “तिकडे अक्षर आहे, ह्याला ते दिसत नाहीये. कसं बघायचं ते शिकवते त्याला.”

दुपारपर्यंत एकेक लेख परत मराठी बोलायला लागला. २००७चा पहिला, ‘पापड भाजल्यावर वेडावाकडा का होतो’, तो उघडला आणि मी खुर्चीत मागे टेकले. ह्यांनी माझ्यासाठी दहीभात कालवून आणला होता. बंद कर म्हणणारा माणूस सकाळपासून दर अर्ध्या तासाने ‘आले का?’ विचारत होता.

मग माझं रेकॉर्डिंग. नव्या ब्लॉगवर ‘ऐका’ असं मोठं बटण आहे. मालनचा लेख वाचून दाखवायला मी बसले, पहिल्या दोन वाक्यांनंतर तिने थांबवलं. “वर्गात शिकवल्यासारखं नको. मला फोनवर सांगतेस तसं वाच.” शेवटी तिनेच सगळा बोलून दाखवला. कागद नव्हताच तिच्यापुढे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. सकाळी अकराला नवा ‘चिमूटभर विज्ञान’ सुरू झाला.

मोठी काळीभोर अक्षरं, किंचित पिवळसर कागदाचा रंग. फोनवर ताणावं लागत नाही. सगळ्यात वर टाइल्सचं चित्र. आकांक्षाने ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. मालन सोफ्यावर बसली, फोन कानाशी धरला आणि स्वतः बटण दाबून आपलाच लेख ऐकला. ऐकून झाल्यावर आकांक्षाला जवळ बोलावलं.

“त्या दिवशी मी तुला बोलले, दूध सांडलंय.”

“बरोबर बोललात बाई. सांडलंच होतं.”

“आता बरं दाबलंयस,” मालन म्हणाली. शाळेत तिच्या तोंडून एवढं ऐकायला मुलं वर्षभर थांबायची. आकांक्षा फोन बघायचं निमित्त करून बाल्कनीत गेली.

९ मार्च, रविवार

एकदोन जुन्या वाचकांनी कळवलं की आधीचं रूप बरं होतं, सवयीचं होतं. त्यांना मी सविस्तर उत्तर लिहिलं.

वडाळ्याच्या अंबिका नावाच्या बाईंनी मालनच्या लेखाखाली लिहिलंय. त्यांचे वडील कितीतरी दिवस म्हणत होते की बातम्या देणाऱ्या मुलीला तोंडच नाही. घरात सगळे हसायचे. लेख ऐकल्यावर त्या वडिलांना घेऊन तपासायला गेल्या. एका डोळ्यात सुरुवात आहे, वेळेत सापडलं.

मालनला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, “परत वाच.” परत वाचलं. “हसायचे म्हणाली ना? मी कोणाला हसूसुद्धा दिलं नाही.” मग लगेच, “पुढचं काय आहे? माझा हात रिकामा आहे.”

रोहित पक्ष्यांचा लेख अजून पडून आहे, मी म्हटलं. मार्करने, चार्टपेपरवर, हवा तेवढा मोठा पाय काढ.

२३ मार्च, रविवार

दुसऱ्या इंजेक्शननंतरची तपासणी झाली. डाव्या डोळ्यातली गळती पुष्कळ कमी आहे. तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी तिला वाचता आल्या. मधला धूसरपणा राहील असं डॉक्टर म्हणाल्या, पण ‘राहील’ म्हणाल्या, ‘वाढेल’ नाही. ती शिकवणारी बाई तिला दर आठवड्याला नवीन तऱ्हेने बघायला शिकवते. बघायचं आहे तिथे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं, मग ते कडेच्या चांगल्या भागात येतं.

दुपारी मालन जेवायला आली. हे आत झोपले. आम्ही बाल्कनीत बसलो होतो, पुढचे लेख कुठले घ्यायचे ते ठरवत. बोलताबोलता लक्षात आलं की ती माझ्याकडे बघतच नाहीये, माझ्या उजव्या बाजूला कुठेतरी बघतेय.

“कोण आहे तिकडे?” मी विचारलं.

“तुझा कान.”

“कानाला काय झालं?”

“काही नाही. मला सापडलंय. तुझ्या कानाकडे बघितलं की तुझं तोंड दिसतं.”

“कसं दिसतं?” मी विचारलं.

ती जरा वेळ लावून, चित्र बघावं तसं, कानाकडे बघत राहिली. “म्हातारी झालीस गं. वर्षभरात बरीच झालीस. हनुवटीवर तीळ होता तो आहे अजून.”

“असणारच.”

“मला वाटलं होतं, आता हे आठवणीतूनच काढावं लागणार.”

मग ती परत लेखांवर आली. समुद्राची भरती आधी की खारफुटीची मुळं आधी, ह्यावरून आम्ही नेहमीसारख्या भांडलो. चहाची वेळ टळून गेली. ती माझ्या कानाकडे बघत बोलत होती, आणि मी मान अजिबात हलू दिली नाही.